पांच पंडितांचा कारखाना

कारखाना एकानें काढावा, त्याच्या मुलानें तो वाढवावा आणि नातवंडांनीं आपसांत भांडून तो मोडीत काढावा, हा व्यापारी घराण्यांचा क्रम सर्व देशांत थोड्याफार फरकानें सारखाच दिसतो. मुंबईच्या जुन्या पेढ्यांचा इतिहास चाळणाऱ्याला त्याचीं उदाहरणें शोधत बसावें लागत नाहीं. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथील एका कारखानदारानें मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हा क्रम मुळांतच तोडून टाकला. त्याला एकुलता एक मुलगा होता. मुलगा व्यसनी नव्हता, आळशी नव्हता. उलट धंद्याच्या हिकमतींत तो बापालाही मागें टाकील असा होता. असें असूनही बापानें आपला भरभराटीचा कारखाना मुलाला न देतां पांच पंडितांच्या स्वाधीन केला. पंडितही असे कीं, त्यांचा मुख्य लॅटिन भाषेचा अधिकारी होता. जवाचें पोतें त्यानें कधीं विकत घेतलें असेल असें वाटत नाहीं. हा कारखाना म्हणजे कार्ल्सबर्ग, आणि त्याचा संस्थापक याकोब क्रिस्तियान याकोबसेन. या गोष्टीला सुमारें दीडशें वर्षें होत आलीं, तरी त्या कारखान्यावरची पंडितांची सत्ता अद्याप सुटलेली नाहीं.

कारखाना बिअरचा. मद्याचें नांवही ज्या घरांत काढीत नाहींत त्यांनींही येथें दचकूं नये, कारण या कथेंत पेल्यापेक्षां पिंपांतल्या घडामोडींचाच संबंध अधिक आहे. मोड आणून वाळवलेल्या जवाचा गोड काढा करावयाचा, त्यांत हॉप नांवाच्या वेलीचीं कडवट फुलें उकळावयाचीं आणि काढा निवल्यावर त्यांत किण्व, म्हणजे यीस्ट, सोडावयाचें, एवढीच ती कृति. पण खरें काम करतें तें किण्व. तें जिवंत असतें. साखर खातें, मद्यार्क आणि वायु सोडतें आणि पिंपांत वाढत जातें. जिवंत पेशींना कामाला जुंपून माल तयार करण्याच्या या उद्योगाला आज औद्योगिक जैवतंत्रज्ञान असें भारदस्त नांव मिळालें आहे. धंदा मात्र पुरातन आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत किण्वाचा उल्लेख येतो, आणि आपल्या स्वयंपाकघरांतलें विरजण तरी दुसरें काय आहे? कालच्या दह्याचा चमचा आजच्या दुधांत, आजच्याचा उद्यांच्या. मधेंच केव्हां तरी दह्याला तार सुटते, नको तो वास येऊं लागतो, आणि मग गृहिणी वाटी घेऊन शेजारणीच्या दाराशीं जाते. याकोबसेनच्या कथेंत ही विरजणाची वाटी पुन्हां पुन्हां येते.

याकोबसेनचा जन्म १८११ चा. बाप जटलंडच्या शेतकरी कुळांतला. कोपनहेगनला येऊन त्यानें भट्टी घातली होती. १८३५ सालीं तो वारला आणि ऐन पंचविशीच्या आंत सगळा भार मुलाच्या अंगावर पडला. विजेचा आणि लोहचुंबकाचा संबंध दाखवून देणारा हान्स क्रिस्तियान एर्स्टेड त्या काळीं कोपनहेगनांत व्याख्यानें देत असे, आणि तीं ऐकणाऱ्यांत हा तरुण होता. जें काम आजवर हाताच्या अंदाजानें चालत आलें तें मोजमापानें चाललें पाहिजे, ही गोष्ट तेथून त्याच्या डोक्यांत पक्की बसली.

डेन्मार्कांत तेव्हां जी बिअर होत असे ती गढूळ आणि लवकर नासणारी. बव्हेरियांत मात्र थंड तळघरांत महिनोन्महिने मुरवलेली, स्वच्छ आणि टिकाऊ बिअर तयार होत होती. तिचें मर्म किण्वाच्या जातींत होतें. हें किण्व थंडींत काम करी आणि वर न तरंगतां पिंपाच्या तळाशीं बसे. १८४५ सालीं याकोबसेन म्यूनिकला गाब्रिएल सेडलमायर याच्या श्पाटेन भट्टींत गेला आणि तेथून थोडें किण्व मागून घेऊन परत निघाला. मार्ग लांबचा, टपालगाडीचा. उन्हाच्या तापानें किण्व मरून जाईल ही धास्ती. म्हणून गाडी थांबे तेथें तो खालीं उतरे आणि किण्वाचा डबा थंड पाण्यानें निववून घेई, असें सांगतात. एवढ्या खटाटोपानें शेजारणीचें विरजण घरीं येऊन पोंचलें. दोन वर्षांनीं, १८४७ सालीं, शहराबाहेर व्हाल्बीच्या टेकडीवर नवा कारखाना सुरू झाला. मुलाचें नांव कार्ल आणि टेकडी म्हणजे 'बेर्ग', असें मिळून त्या जागेचें नांव पडलें कार्ल्सबर्ग. कार्ल तेव्हां पांच वर्षांचा होता.

पैसा आला तसा याकोबसेन बदलला नाहीं, असें त्याचे चरित्रकार लिहितात. पण त्याची आकांक्षा मात्र बदलली. १८५९ सालीं फ्रेडरिक्सबोर्गचा जुना राजवाडा आगींत भस्म झाला, तेव्हां त्याच्या पुनर्रचनेसाठीं त्यानें मोकळ्या हातानें द्रव्य दिलें आणि पुढें तेथें राष्ट्रीय इतिहासाचें संग्रहालय उभें करविलें. तो कायदेमंडळांतही बसला. देशानें १८६४ च्या युद्धांत आपला मोठा मुलूख प्रशियाच्या हातीं गमावला होता. जें तलवारीनें गेलें तें विद्येनें भरून काढावें, अशी त्या पिढीची भावना होती आणि याकोबसेन त्या भावनेंत पूर्ण भिजलेला होता.

१८७५ सालीं त्यानें कारखान्याच्या आवारांत प्रयोगशाळा काढली. आज ही गोष्ट कोणाला विशेष वाटणार नाहीं. त्या वेळीं मात्र भट्टीवाल्यानें पगार देऊन रसायनशास्त्रज्ञ बाळगावे हें नवलच होतें. त्याहून नवल तिच्या नियमांचें. येथें लागलेला कोणताही महत्त्वाचा शोध, मग तो निव्वळ शास्त्राच्या कामाचा असो वा धंद्याच्या, गुप्त ठेवतां येणार नाहीं, असें त्यानें लिहून ठेवलें. स्वतःच्या खर्चानें शोध लावून घ्यावयाचे आणि ते प्रतिस्पर्ध्यांना फुकट वाटावयाचे, हा व्यवहार कोणत्याही हिशेबनिसाला वेडेपणाचाच वाटला असता. याकोबसेनचा हिशेब निराळा होता. सेडलमायरनें त्याला किण्व देतांना किंमत मागितली नव्हती.

पुढच्याच वर्षीं, २५ सप्टेंबर १८७६ रोजीं, त्यानें दहा लक्ष क्रोनर बाजूला काढून कार्ल्सबर्ग निधि स्थापन केला. निधीनें प्रयोगशाळा चालवावी आणि देशांतील विद्येला साहाय्य करावें. त्याचे विश्वस्त पांच, आणि ते पांचही डेन्मार्कच्या रॉयल अकादमीनें, म्हणजे त्या देशाच्या विद्वत्सभेनें, आपल्या सभासदांतून निवडावे. निवडीच्या कामांत ना राजाचा हात, ना सरकारचा, ना याकोबसेनच्या वारसांचा. पहिला अध्यक्ष झाला योहान निकोलाय मॅडव्हिग. लॅटिन ग्रंथांच्या पाठशुद्धीबद्दल त्याचें नांव साऱ्या युरोपांत गाजत होतें. मुंबईकरांना धर्मादाय निधीच्या हातीं कारखाने असण्याचा प्रकार अपरिचित नाहीं. टाटांच्या मुलांनीं पुढें आपला वाटा निधींच्या स्वाधीन केला तो याच धर्तीवर. पण तेथें विश्वस्त नेमण्यास विद्वत्सभेला कोणी बोलावलें नव्हतें. याकोबसेनचा विश्वास अगदीं सरळ होता. वारस कसा निपजेल हें कोणी सांगूं शकत नाहीं. सरकार आज एक तर उद्यां दुसरें. पण विद्वानांची सभा आपल्या जागीं विद्वानच आणून बसवील, आणि तें चक्र कधीं थांबणार नाहीं. विद्वानांच्या सभा ज्यांनीं जवळून पाहिल्या आहेत त्यांना या भोळेपणाचें हंसूं आलें तर तो त्यांचा दोष नव्हे.

येथवरची हकीकत बापाच्या गौरवाची. मुलाची बाजू निराळी आहे.

कार्लला बापानें चार वर्षें परदेशीं ठेवून फ्रान्स, जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्कॉटलंड येथील भट्ट्यांतून धंदा शिकवला. परत आल्यावर १८७१ सालीं शेजारीच बांधलेला एक जोडकारखाना त्याला भाड्यानें चालवावयास दिला. मुलानें तो असा चालवला कीं, थोड्याच वर्षांत त्याचा माल बापाच्या मालाशीं बाजारांत टक्कर देऊं लागला. वाद पैशाचा नव्हता. तो तळघराचा होता. बापाच्या मतें बिअर पुरेसे महिने मुरल्याखेरीज बाहेर काढणें हें पाप. मुलाच्या मतें गिऱ्हाईक दाराशीं उभें असतांना पिंपें अडवून ठेवणें हा मूर्खपणा; मुरवण्याची मुदत थोडी कमी करावी, माल अधिक काढावा, स्वस्त विकावा. बापानें उत्पादनावर मर्यादा घातली. मुलानें ती मानली नाहीं. दोघेही आपापल्या परी प्रामाणिक होते आणि दोघेही सारखेच हट्टी होते. अखेर बापानें मुलाला जोडकारखाना सोडण्याची नोटीस दिली.

आईनें मधें पडून कांहीं तडजोड घडवली असावी, असें त्या काळच्या पत्रव्यवहारावरून दिसतें. वारशाचा भाग आगाऊ घेऊन कार्लनें बापाच्या कुंपणाला लागूनच स्वतःचा कारखाना उभारला आणि १८८२ सालीं त्याचें नांव ठेवलें 'नवें कार्ल्सबर्ग'. नांवावरून तंटा झाला. पण नांव मुळांत मुलाचेंच, तेव्हां तें त्याच्यापासून काढून कसें घेणार? शेवटीं बापाच्या कारखान्यालाच 'जुनें कार्ल्सबर्ग' म्हणवून घ्यावें लागलें. दोन कारखान्यांमधल्या रस्त्याचीही अशीच गोष्ट सांगतात. बाप एका नांवाची पाटी लावी, मुलगा ती काढून पाश्चरच्या नांवाची लावी; पाट्या दिवसेंदिवस मोठ्या होत गेल्या आणि सारें कोपनहेगन ती मौज पाहावयास येऊं लागलें. आज तो रस्ता पाश्चरच्या नांवानें ओळखला जातो.

याच दिवसांत याकोबसेननें मृत्युपत्र केलें आणि जुना कारखाना सबंधच्या सबंध निधीला देऊन टाकला. १८७६ सालीं त्यानें निधीला दिले होते पैसे; कारखाना दिला तो मुलाशीं बिनसल्यानंतर. तारखांचा हा क्रम ध्यानांत घेतला म्हणजे त्या दानाकडे केवळ ज्ञानभक्ति म्हणून पाहतां येत नाहीं. बिअर उत्तम करावी, मग तत्काळ नफा होवो वा न होवो, आणि कारखाना इतरांना कित्ता व्हावा, अशा आशयाची आज्ञा त्यानें मृत्युपत्रांत घातली आहे. ती लिहितांना त्याच्या डोळ्यांपुढें कुंपणापलीकडचीं पिंपें होतींच होतीं. पांच पंडित त्याला भरंवशाचे वाटले, त्याचें एक कारण असें कीं, बिअर लवकर विकण्याची घाई त्यांना कधींच झाली नसती.

इकडे घरांत हें महाभारत चाललें असतांना प्रयोगशाळेनें एकाच वर्षीं, १८८३ सालीं, दोन फळें दिलीं. रसायन विभागाचा प्रमुख योहान केल्डाल याला जवांत आणि काढ्यांत प्रथिनाचें प्रमाण किती हें झटपट मोजावयाचें होतें. पदार्थ तीव्र गंधकाम्लांत उकळून त्यांतील नत्राचा अमोनिया करावयाचा आणि तो मोजावयाचा, ही युक्ति त्यानें काढली. नियमाप्रमाणें ती ताबडतोब प्रसिद्ध झाली. दुग्धशाळांतून, धान्याच्या आणि खतांच्या परीक्षणांतून ती आजही वापरतात. भारतांतील कृषिमहाविद्यालयाचा विद्यार्थी 'केल्डाल' हें नांव पदवी घेण्यापूर्वीं ऐकत नाहीं असें होत नाहीं. तो एका भट्टीचा नोकर होता हें मात्र त्याला क्वचितच कोणी सांगतें.

दुसरें फळ एमिल क्रिस्तियान हान्सेन याचें. हा मनुष्य रीबे गांवच्या गरीब घरांतला. तरुणपणीं घरांना रंग लावण्याचें काम करी, पैशासाठीं गोष्टी लिही, आणि शिक्षण घेतां घेतां शेणावर वाढणाऱ्या बुरशीवरील निबंधाबद्दल त्यानें विद्यापीठाचें सुवर्णपदक मिळवलें. अशा विषयावर पदक मिळवणाऱ्याला नोकरी देण्यास धाडस लागतें. याकोबसेननें तें दाखवलें. पुढें जुन्या कार्ल्सबर्गची बिअर बिघडूं लागली. चव कडू, रंग गढूळ. इतकी वर्षें मुरवण्याचा आग्रह धरणाऱ्या म्हाताऱ्याच्या तळघरांतच नासका माल निघावा, यासारखी दुसरी मानहानि नव्हती. लुई पाश्चरनें बिअरच्या रोगांवर १८७६ सालीं ग्रंथ लिहून दोष बाहेरून शिरणाऱ्या जंतूंवर ठेवला होता. हान्सेनचें म्हणणें असें कीं, शत्रु घरांतलाच आहे. किण्व एक नसून अनेक जातींचें मिश्रण आहे. कांहीं जाती उपकारक, कांहीं रानटी आणि उपद्रवी. त्यानें किण्वाचें पाणी इतकें पातळ केलें कीं, थेंबांत एकेकच पेशी यावी. मग एका चांगल्या पेशीपासून सारी प्रजा वाढवली. १२ नोव्हेंबर १८८३ रोजीं त्या एकाच पेशीच्या वंशजांवर जुन्या कार्ल्सबर्गमध्यें बिअर घातली गेली. म्हणजे यापुढें विरजण शेजारणीकडून मागण्याचें कारण उरलें नाहीं. चांगल्या दह्याचा मूळ पुरुष कुपींत बंद करून ठेवतां येऊं लागला.

याकोबसेन प्रथम साशंक होता. खात्री पटल्यावर मात्र त्यानें ना हक्क राखून ठेवले, ना किंमत लावली; ज्या भट्टीनें मागितलें तिला किण्व पाठवलें. पुढें त्या जातीला शास्त्रज्ञांनीं कार्ल्सबर्गचेंच नांव दिलें, आणि जगांत आज विकली जाणारी बहुतेक फिकट, थंड मुरवलेली बिअर याच गोत्रांतल्या किण्वावर होते. तें मुळांत दोन जातींचा संकर असून त्यांतल्या एकीचे रानटी आप्त दक्षिण अमेरिकेच्या पॅटागोनियांतील झाडांवर आढळतात, हें २०११ सालीं कळलें. आतां हिशेबनिसाचा प्रश्न पुन्हां विचारावा. हें किण्व गुप्त ठेवलें असतें तर कार्ल्सबर्गला अधिक पैसा मिळाला असता काय? कदाचित् मिळाला असता. पण हान्सेनसारखीं माणसें तेथें टिकलीं नसतीं, हेंही तितकेंच खरें.

१८८६ सालीं बापलेकांचा समेट झाला. पुढच्या वर्षीं, ३० एप्रिल १८८७ रोजीं, याकोबसेन रोम येथें वारला. समेट झाला तरी मृत्युपत्र बदललें नाहीं. १८८८ पासून जुना कारखाना पांच पंडितांकडे गेला.

या पंडितांनीं कारखाना बुडवावा अशी अपेक्षा करणारे पुष्कळ होते. तो बुडाला नाहीं. याचें श्रेय पंडितांच्या व्यापारी बुद्धीला देण्याची गरज नाहीं. उलट त्यांनीं ती चालवण्याचा प्रयत्न केला नाहीं, हेंच त्यांचें शहाणपण. रोजचा कारभार धंदा जाणणाऱ्या व्यवस्थापकाकडे होता. पंडित वर्षाचा हिशेब पाहत, नफ्यांतून कोणत्या विद्येला किती द्यावें हें ठरवीत आणि भट्टींत ढवळाढवळ करीत नसत. १९०३ सालीं कोपनहेगनच्याच टुबोर्ग कारखान्याशीं नफातोटा वांटून घेण्याचा करार झाल्यामुळें घरच्या बाजारांतली जीवघेणी स्पर्धाही संपली. पंडितांचें राज्य निर्वेध चाललें त्यांत या कराराचा वाटा मोठा आहे, हें गौरवग्रंथांत फारसें आढळत नाहीं.

मग कार्लनें काय केलें? त्याचा कारखाना जोरांत होता. कलेचें त्याला वेड होतें. ग्रीक आणि रोमन पुतळ्यांच्या संग्रहासाठीं त्यानें शहरांत ग्लिप्टोटेक हें कलाभवन उभें केलें, आणि कोपनहेगनच्या धक्क्यावर खडकावर बसलेली जी जलपरी प्रवासी पाहावयास जातात ती १९१३ सालीं त्यानेंच दिलेली. १९०१ सालीं कारखान्याच्या दाराशीं त्यानें ग्रॅनाइटचे चार हत्ती उभे केले. त्यांच्या अंगावर स्वस्तिक आहे, कारण तें मंगलचिन्ह त्या काळीं कार्ल्सबर्गची निशाणी होतें. हिटलरनें त्याचा अर्थ बिघडवल्यावर कारखान्यानें तें सोडून दिलें. आणि त्या चार हत्तींवर कार्लच्या हयात असलेल्या चार मुलांचीं आद्याक्षरें कोरलेलीं आहेत. ज्यानें मुलांचीं नांवें हत्तींवर चढवलीं तो कारखाना त्यांच्याच हातीं देणार, असें कोणालाही वाटलें असतें. परंतु एका वर्षानें, १९०२ सालीं, कार्ल आणि त्याची पत्नी ओटिलिया यांनीं नवें कार्ल्सबर्ग बापाच्याच निधीच्या पदरांत टाकलें. अट एवढीच कीं, त्याच्या उत्पन्नांतून कलेसाठीं स्वतंत्र निधि चालावा. १९०६ सालीं कुंपण निघालें, दोन्ही कारखाने एक झाले, आणि १९१४ मध्यें मरेपर्यंत कार्ल त्या जोडकारखान्याचा प्रमुख म्हणून काम करीत राहिला. बापानें जें त्याच्यापासून हिरावून घेतलें तें त्यानें असें परत मिळवलें, पण मालक म्हणून नव्हे, पंडितांचा नोकर म्हणून. त्याचा एक मुलगा पुढें कारखान्यांत अधिकारी झाला, दुसऱ्यानें कलाभवन सांभाळलें. मालक दोघांपैकीं कोणीच झाला नाहीं.

पंडितांच्या राज्याचें वैभव पाहावयाचें असेल तर तें या पुढच्या अर्धशतकांत. केल्डालच्या जागीं आलेल्या सोरेनसेननें १९०९ सालीं आम्लता मोजण्याचें पी-एच हें माप काढलें. हान्सेनच्या जागीं आलेला योहानेस श्मिट हा तर भट्टींत कमी आणि समुद्रावर अधिक असे. सापासारखा लांबट ईल मासा अंडीं घालण्यास युरोपच्या नद्यांतून निघून अटलांटिकांतील सारगासो समुद्राकडे जातो, हें त्यानें जाळीं टाकून टाकून शोधलें. बिअरचा आणि ईल माशाचा संबंध काय, असें नफा मोजणाऱ्या संचालकांनीं खचित विचारलें असतें. या संचालकांना तो प्रश्न सुचलाच नाहीं. सीरियांतील हमा येथील उत्खनन निधीच्या पैशानें झालें. याकोबसेनचें राहतें घर त्याच्या इच्छेप्रमाणें देशांतील थोर विद्वानाला आजन्म राहावयास देत. तत्त्ववेत्ता हेफडिंग याच्यामागून १९३२ सालीं तेथें नील्स बोर राहावयास आला आणि १९६२ मध्यें वारेपर्यंत तेथेंच होता. १९३३ पासून १९५५ पर्यंत निधीचा अध्यक्ष होता योहानेस पेडरसन, हिब्रू आणि अरबी विद्येचा पंडित. देशावर जर्मनांचा अंमल असतांना कारखान्याची जबाबदारी वाहणारा हा मनुष्य प्राचीन इस्राएलावर ग्रंथ लिहिणारा होता.

१९४७ सालीं प्रयोगशाळेंत लिंडरस्ट्रोम-लांग आणि ऑटेसेन यांना एका जीवाणूपासून प्रथिनें तोडणारें विकर सांपडलें. शास्त्रांत त्याला आजही कार्ल्सबर्गचेंच नांव आहे. तें धंद्यांत आणलें मात्र दुसऱ्या डॅनिश कंपनीनें, नोव्होनें. १९६० नंतर कपडे धुण्याच्या भुकटींत तें मिसळलें जाऊं लागलें, आणि रक्ताचे वा अंड्याचे डाग थंड पाण्यांत निघूं लागले. शोध एकाचा आणि नफा दुसऱ्याचा, हा त्या जुन्या नियमाचा परिणाम होता. कार्ल्सबर्गनें त्याबद्दल तक्रार केल्याचें ऐकिवांत नाहीं.

या कारभारांत एक अडचण मात्र होती. निधि हा सगळ्याचा मालक असल्यामुळें बाहेरचें भांडवल आणण्यास वाट नव्हती. १९७० सालीं टुबोर्गशीं पूर्ण मीलन झालें तेव्हां निधीनें निम्म्याहून अधिक भाग आपल्याकडे ठेवलाच पाहिजे, असें बंधन राहिलें. प्रतिस्पर्धी देशोदेशींच्या भट्ट्या विकत घेत असतां कार्ल्सबर्गला हात आंखडावा लागे. २००७ सालीं घटना बदलली: भांडवलाचा निदान पाव भाग आणि मतांचें बहुमत निधीकडे राहिलें म्हणजे पुरे. मतांचे अधिकार कमीअधिक असलेले दोन प्रकारचे भाग असल्यामुळें हें साधलें. आज निधीकडे भांडवल सुमारें तीस टक्के आणि मतें तीन चतुर्थांश आहेत. याच सुमारास कार्ल्सबर्ग हिंदुस्थानांत उतरलें आणि औरंगाबादेसही त्याचा कारखाना निघाला. नव्या मोकळिकीचा पहिला उपयोग २००८ सालीं एक मोठी ब्रिटिश कंपनी दुसऱ्या एकीबरोबर वाटून घेण्यांत झाला, आणि त्या सौद्यांत रशियांतील बाल्टिका हा प्रचंड कारखाना सर्वस्वीं हातीं आला.

त्या खरेदीचें पुढें काय झालें हें सर्वांना ठाऊक आहे. २०२२ सालीं रशियानें युक्रेनवर स्वारी केली आणि कार्ल्सबर्गनें तेथून निघून येण्याचें जाहीर केलें. जुलै २०२३ मध्यें रशियन सरकारनें बाल्टिकाचा कारभार आपल्या हातीं घेतला. २०२४ च्या अखेरीस कार्ल्सबर्गला तो विकून मोकळें व्हावें लागलें. निधि आणि कंपनी या दोहोंच्या अध्यक्षपदीं २०१२ पासून एकच गृहस्थ होते, फ्लेमिंग बेसेनबाखर, पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. २०२२ सालीं तीं दोन आसनें वेगळीं झालीं. निधीच्या अध्यक्षा झाल्या प्राध्यापिका मायकेन शुल्ट्झ. कंपनीच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष झाले हेन्रिक पोल्सन, आणि हे गृहस्थ प्राध्यापक नव्हेत, वीजउद्योग चालवून आलेले. त्या मंडळांत अद्याप विद्वान आहेत, डेन्मार्कच्या कायद्याप्रमाणें कामगारांनीं निवडलेले सभासद आहेत, आणि बाहेरून आलेले उद्योगपतीही आहेत. बाप आणि मुलगा या दोघांचेंही म्हणणें आतां एकाच टेबलाभोंवतीं ऐकूं येतें.

२०१३ सालीं कार्ल्सबर्गच्या तळघरांत १८८३ च्या सुमाराची एक सीलबंद बाटली सांपडली. तिच्या तळाशीं बसलेल्या गाळांत शास्त्रज्ञांना कांहीं पेशी जिवंत मिळाल्या. त्या त्यांनीं वाढवल्या, जुन्या पद्धतीनें जवाचा काढा केला, जुन्या धर्तीचीं लाकडी पिंपें बनवून घेतलीं, आणि मे २०१६ मध्यें हान्सेनच्या किण्वाची ती बिअर पाहुण्यांना वाढली. ती किती महिने मुरवली होती, हें थोरल्या याकोबसेननें सर्वांत आधीं विचारलें असतें.